वजन सारखं, बॅलन्स सारखा, तरी दोन रॅकेट वेगळ्या: लेड टेप आणि पन्नास झोक्यांचं एक प्रकरण

माझ्या टेनिसमधल्या डबल्स पार्टनरकडे एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट आहेत. १०० स्क्वेअर इंच हेड, २७ इंच लांबी, फ्रेमवर छापलेलं वजन तेच, ग्रिप साइज तीच, रंगसुद्धा तोच. एक जुनी, बरीच वर्षं हातात मुरलेली, आणि दुसरी नंतर घेतलेली, ती एवढ्यासाठीच की मॅचमध्ये स्ट्रिंग तुटली तर बॅगेतून दुसरी काढायची आणि काहीच न झाल्यासारखं पुढचा पॉइंट खेळायचा. पण तसं होईना. दुसरी रॅकेट हातात आली की पहिले दोन-तीन गेम त्याचा फोरहँड क्रॉसकोर्ट बाहेर जायचा, आणि नेटवर जोरात आलेला बॉल नुसता ब्लॉक केला तरी रॅकेट मागे ढकलली जायची. तो म्हणायचा, "अरे ही हातात लवकर येते, पण बॉलमागे काही नसतंच हिच्या." हे वाक्य पुढे सगळ्या प्रकरणाची किल्ली ठरलं, पण तेव्हा मी ते नीट ऐकलं नाही.

खाली मी नावांऐवजी जुनीला "अ" आणि नवीला "ब" म्हणतो.

मोजायला बसण्याआधी एक गोष्ट केली, आणि ती न करता कोणीही या कामात पडू नये असं मला मनापासून वाटतं. दोन्हींत एकाच रिळातली स्ट्रिंग, एकाच दिवशी, एकाच टेन्शनला भरली. दोन्हींवर नवीन ओव्हरग्रिप (हँडलच्या मूळ ग्रिपवर गुंडाळायची पट्टी), सारखेच डॅम्पनर (स्ट्रिंगचा कंप मारणारा रबरी तुकडा). कारण पूर्ण स्ट्रिंगचंच वजन साधारण १५ ते १८ ग्रॅम असतं आणि ते सगळं हेडमध्ये असतं, ओव्हरग्रिप आणखी ५-७ ग्रॅम, त्यामुळे एकीवर जाड स्ट्रिंग आणि दुसरीवर बारीक असेल तर फ्रेमची तुलना होतच नाही, तुम्ही स्ट्रिंगची तुलना करत बसता.

मग अर्धा ग्रॅम दाखवणारा डिजिटल वजनकाटा, आणि बॅलन्स बघायला टेबलावर चिकटवलेली एक गोल पेन्सिल. रॅकेट पेन्सिलीवर आडवी ठेवायची, कुठे तरंगते ते बघायचं आणि बटच्या, म्हणजे हँडलच्या खालच्या टोकापासून तिथपर्यंतचं अंतर मोजायचं. एकदा हेडकडे कलेपर्यंत सरकवायची, एकदा हँडलकडे, आणि दोन्ही खुणांच्या मधली जागा धरायची, म्हणजे एक मिलिमीटरपर्यंत खात्री येते.

अ: ३३० ग्रॅम, बॅलन्स ३२.५ सेमी.
ब: ३२१ ग्रॅम, बॅलन्स ३२.१ सेमी.

२७ इंची रॅकेटचा मध्य ३४.३ सेमीला येतो, म्हणजे अ साधारण साडेपाच पॉइंट हेड लाइट (बॅलन्स मध्यापेक्षा हँडलकडे; एक पॉइंट म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.२ मिमीच्या आसपास). नऊ ग्रॅमचा फरक बघून पार्टनर चिडला, पण खरं सांगायचं तर एकाच मॉडेलच्या दोन फ्रेममध्ये काही ग्रॅम इकडेतिकडे होणं नवीन नाही. कार्बन फायबर, रेझिन, पेंट, हँडलमधला फोम, सगळीकडे थोडं थोडं कमीजास्त होतं.

पहिला प्रयत्न, जो कागदावर बरोबर होता

नऊ ग्रॅम कमी आहेत, तर नऊ ग्रॅम लावू. कुठे लावायचे ते शाळेतल्या तराजूच्या गणिताने निघतं. वजन गुणिले बॅलन्स हा आकडा दोन्हींचा सारखा व्हायला हवा.

अ साठी ३३० × ३२.५ = १०७२५. ब साठी ३२१ × ३२.१ = १०३०४. फरक ४२१. हे ४२१ नऊ ग्रॅममधून मिळवायचे तर ४२१ ÷ ९ = ४६.८, म्हणजे नऊच्या नऊ ग्रॅम बटपासून ४६.८ सेमीवर. हेडला घड्याळ मानलं आणि टोकाला बारा धरले तर ही जागा तीन आणि नऊच्या थोडी खाली, साडेतीन आणि साडेआठच्या आसपास येते. दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार ग्रॅम लेड टेप (शिशाची चिकट पट्टी), हूपच्या, म्हणजे हेडच्या गोल चौकटीच्या आतल्या बाजूला, ग्रोमेटच्या (स्ट्रिंग ज्यातून जाते त्या प्लॅस्टिकच्या पट्टीच्या) दोन्ही अंगांना. पार्टनर खूश, कारण टेनिसपटू पीट सॅम्प्रस आपल्या रॅकेटला लेड टेप लावायचा हे त्याला लहानपणापासून माहीत होतं आणि आपल्याही रॅकेटवर ती पट्टी आली याचंच त्याला अप्रूप.

परत वजन केलं: ३३०. परत पेन्सिलीवर ठेवली: ३२.५. मी डोळे झाकून सांगितलं असतं की आता या जुळ्या बहिणी आहेत.

कोर्टवर मात्र दहा मिनिटांत त्याने मान हलवली. "बरी झालीय. पण तीच नाही." मला वाटलं मनाचा खेळ असेल, कारण कुठली नवी आणि कुठली जुनी हे त्याला दिसत होतं. म्हणून दोन्ही फ्रेमवर सारख्या जागी कागदी टेप गुंडाळून पेंटवरचे ओरखडे आणि लेड टेप दोन्ही झाकलं, आणि त्याला पाठमोरा उभा करून दर वेळी एक रॅकेट हातात द्यायचो, तो चार-पाच फोरहँड मारायचा आणि सांगायचा कुठली. दहापैकी नऊ वेळा बरोबर. इथे मी वाद घालणं सोडलं. माणसाचा हात काट्यापेक्षा जास्त काहीतरी मोजत होता, आणि मी ते मोजलंच नव्हतं.

तिसरा आकडा

वजन म्हणजे रॅकेट उचलताना जे लागतं ते. बॅलन्स म्हणजे ती आडवी धरली की मनगटावर येणारा भार. पण स्विंग करताना आपण रॅकेट उचलत नाही, फिरवतो, आणि फिरवायला किती जड जाईल हे ठरतं वस्तुमान अक्षापासून किती लांब आहे त्याच्या वर्गावर. दुप्पट लांब तर चौपट परिणाम. हातोडा दांड्याच्या टोकाला धरून फिरवून बघा, मग तोच उलटा करून लोखंडाकडून धरून फिरवा. वजनात एक ग्रॅमचाही फरक नाही आणि हाताला मात्र दोन वेगळी हत्यारं वाटतात.

पण हातोड्याच्या उदाहरणात बॅलन्सही बदलतो, त्यामुळे आमची अडचण त्यातून पूर्ण कळत नाही. त्यासाठी एक लांब फूटपट्टी घ्या, मधोमध दोन नाणी चिकटवा. दुसरी तशीच पट्टी घ्या, तीच दोन नाणी दोन टोकांना चिकटवा. वजन सारखं, बॅलन्स पॉइंट दोन्हींचा बरोबर मध्यात. आता मधे धरून इकडून तिकडे फिरवा. टोकांना नाणी असलेली पट्टी स्पष्ट जड जाते. वजन आणि बॅलन्स जुळवणं म्हणजे या दोन पट्ट्या सारख्याच आहेत असं म्हणणं, आणि मी नेमकं तेच केलं होतं.

टेनिसमध्ये या तिसऱ्या आकड्याला स्विंगवेट म्हणतात. बटपासून १० सेमीवर, म्हणजे साधारण जिथे हाताची पकड असते तिथून जाणाऱ्या अक्षाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरवायला होणारा विरोध), एकक किलोग्रॅम सेमी वर्ग, पण बोलताना सगळे नुसतं "तीनशे पंचवीस आहे" असंच म्हणतात. खेळाच्या नियमांनाही हा आकडा महत्त्वाचा वाटतो. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) नियमांनुसार पॉइंट चालू असताना रॅकेटच्या लांबीच्या दिशेने वजन सरकवून हा मोमेंट ऑफ इनर्शिया बदलू शकेल असं काहीही फ्रेमवर चालत नाही. चिकटवलेली टेप जागची हलत नाही, म्हणून ती चालते. आणि इतका महत्त्वाचा आकडा असूनही बहुतेक फ्रेमवर वजन आणि बॅलन्स छापलेलं असतं, स्विंगवेट नसतं.

मशीन नाही, मग झोका

स्विंगवेट मोजायचं मशीन आमच्याकडे नव्हतं. पण टांगून झोका दिलेल्या कुठल्याही वस्तूचा मोमेंट ऑफ इनर्शिया तिच्या झोक्याच्या वेळेवरून काढता येतो, हे अकरावी-बारावीच्या फिजिक्समधलं लोलकाचं गणित आहे.

सायकलचा एक स्पोक घेतला, सरळ केला, बटकॅपच्या सपाट तळावर मधोमध ठेवून टेपने घट्ट बसवला, दोन्ही बाजूंना हातभर नाही पण बोटभर तरी बाहेर येईल असा. दोन सारख्या उंचीची टेबलं जवळ आणून स्पोकची टोकं दोन्ही कडांवर टेकवली. रॅकेट मधल्या फटीत हेड खाली करून लटकते आणि झोका देता येतो. यात एक छान गोष्ट आहे, स्पोक स्वतःच अक्षावर आहे त्यामुळे त्याचं वजन गणितात धरावंच लागत नाही.

पण स्पोक कुठल्या दिशेने बांधायचा इथे मी पहिल्यांदा चुकलो. स्पोक स्ट्रिंगच्या पृष्ठभागाला समांतर हवा, म्हणजे रॅकेट झोके घेताना तिचा चेहरा पुढे-मागे येतो, फ्लॅट फोरहँडसारखा. मी काटकोनात बांधला होता आणि रॅकेट कडेच्या दिशेने झुलत होती. अ चा आकडा ३४० आला, मला वाटलं काटा बिघडला. तसं नव्हतं, तो वेगळ्याच अक्षाचा मोमेंट होता, ज्यात स्विंगवेट आणि रॅकेटचा स्वतःच्या लांबीभोवती पिळण्याचा मोमेंट, ट्विस्टवेट, हे दोन्ही मिळून येतात. स्पोक नव्वद अंश फिरवला आणि परत सुरुवात.

झोका लहान द्यायचा. टोक मध्यापासून पाच-सहा सेमीच हलेल इतपत, म्हणजे कोन पाच अंशांच्या आत राहतो. दहा अंशांचा दिला तर झोक्याची वेळ ०.२ टक्क्यांनी वाढते, आणि ऐकायला ते किरकोळ वाटलं तरी शेवटच्या आकड्यात जवळपास दोन युनिट खाऊन जातं. आणि एक झोका मोजून काही होत नाही. रॅकेटचा एक पूर्ण झोका, जाऊन-येऊन, १.३८ सेकंदांच्या आसपास असतो, स्टॉपवॉच दाबतानाची आपली चूकच ०.१ सेकंद असते. म्हणून ५० झोके सलग मोजायचे, तीनदा मोजायचे, सरासरी घ्यायची. रॅकेट मधल्या जागेतून जाताना दाबायचं, टोकाला नाही, कारण टोकाला ती क्षणभर रेंगाळते आणि नेमकं कधी वळली ते डोळ्याला कळत नाही.

५० झोक्यांची वेळ:
अ: ६९.० सेकंद.
टेप लावलेली ब: ६८.५३ सेकंद.

अर्ध्या सेकंदाचा फरक, आणि तीनही वेळा तोच. त्या संध्याकाळी मला कळलं की पार्टनर दहापैकी नऊ वेळा कसा काय ओळखत होता.

आता गणित, अ साठी पूर्ण करून दाखवतो. एका झोक्याची वेळ १.३८. तिचा वर्ग १.९०४४. वजन किलोमध्ये ०.३३०, गुरुत्वाकर्षण ९८१ सेमीत, बॅलन्स ३२.५, तिघांचा गुणाकार १०५२१. या दोघांना गुणून ३९.४८ ने भागायचं (हा आकडा म्हणजे पायच्या वर्गाची चौपट, तो प्रत्येक वेळी तोच). उत्तर ५०७.५. हा झाला बटच्या टोकाभोवतीचा मोमेंट. आपल्याला १० सेमीवरच्या अक्षाचा हवा, त्यासाठी समांतर अक्षाचा नियम, तो या बाबतीत सुटसुटीत होतो: बटचा आकडा, वजा २० × वजन × बॅलन्स, अधिक १०० × वजन. म्हणजे ५०७.५ − २१४.५ + ३३ = ३२६.

अ चं स्विंगवेट ३२६. त्याच पायऱ्यांनी टेप लावलेल्या ब चं ३१९. वजन तेच, बॅलन्स तोच, स्विंगवेटमध्ये सात युनिटचा फरक. "हातात लवकर येते, पण बॉलमागे काही नसतं" याचा अर्थ कमी स्विंगवेट, टेप लावूनही दोन टक्के कमी. फिरवायला हलकी म्हणून बॉलपर्यंत आधी पोचते आणि फोरहँड क्रॉसकोर्ट बाहेर ओढला जातो, आणि ब्लॉक करताना बॉलला अडवायला तेवढं जडत्व नसतं म्हणून मागे ढकलली जाते. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच.

अचूकतेचंही बघून घेतलं. ५० झोक्यांत ०.१ सेकंदाची चूक म्हणजे स्विंगवेटमध्ये दीड युनिट. बॅलन्समध्ये एक मिमीची चूक म्हणजे एक युनिटच्या जरा आत. स्पोकची जाडी, तो नेमका किती मधोमध बसलाय, हे सगळं धरून खरा आकडा ३२६ ऐवजी ३२४ किंवा ३२८ असेलही, पण ती चूक दोन्ही रॅकेटमध्ये सारखीच येते आणि आपल्याला इथे फरकाशी मतलब आहे. दुसऱ्या कोणाच्या मशीनवरच्या आकड्याशी तुलना करायची असेल तर मात्र असं बेधडक बोलू नये.

मधेच सापडलेली एक गंमतशीर गोष्ट

ब ची टेप काढली आणि नुसत्या फ्रेमचे ५० झोके मोजले. परत ६८.५३. मी आधी घाबरलो की आपण काहीतरी चुकतोय, नऊ ग्रॅम काढले आणि वेळ हललीच नाही? मग लक्षात आलं. १.३७ सेकंदांचा झोका घेणारा साधा लोलक, म्हणजे दोऱ्याला बांधलेला खडा, साधारण ४६.७ सेमी लांबीचा असतो. आणि माझी टेप ४६.८ सेमीवर होती. त्या जागी लावलेला ग्रॅम एकटा टांगला असता तरी त्याच वेळेत झुलला असता, त्यामुळे तो रॅकेटला ना उशीर करतो ना घाई. म्हणून झोक्याची नुसती वेळ बघून "काही बदललं नाही" असं कधीच म्हणू नये. वजन आणि बॅलन्स घालून पूर्ण गणित केल्यावर नुसत्या ब चं स्विंगवेट ३०७ निघालं, टेपसकट ३१९, म्हणजे टेपने १२ युनिट घातले होतेच. ताळा पण जमतो: ९ ग्रॅम, १० सेमीच्या अक्षापासून ३६.८ सेमी लांब, ३६.८ चा वर्ग १३५४, गुणिले ९, भागिले १०००, बरोबर १२.२.

दुसरा प्रयत्न, उलट्या क्रमाने

आता तीन अटी होत्या. वजनात ९ ग्रॅम, वजन-गुणिले-अंतर मध्ये ४२१, आणि स्विंगवेटमध्ये ३२६ − ३०७ = १९. एकाच जागी टेप लावून या तिन्ही पुऱ्या होऊच शकत नाहीत, वजन दोन जागी वाटावं लागणार. आणि इथे क्रम उलटा केला की गणित एकदम सोपं होतं: आधी स्विंगवेट, मग वजन, बॅलन्स सगळ्यात शेवटी.

कुठला ग्रॅम किती देतो ते डोक्यात असलं की बरं पडतं. टोकाला, बाराच्या जागी हूपच्या आतून, बटपासून साधारण ६७ सेमी: अक्षापासून ५७, एक ग्रॅम ३.२५ युनिट देतो. तीन-नऊवर, ५१ सेमीच्या आसपास: १.७. थ्रोटमध्ये, म्हणजे हेड आणि हँडलच्या मधल्या भागात, ३० सेमीवर: फक्त ०.४. आणि हँडलमध्ये १० सेमीजवळ: शून्य. हँडलमधलं वजन स्विंगवेटला दिसतच नाही, आणि हीच मोठी सोय आहे.

टोकाला १९ ÷ ३.२५ = ५.८५ ग्रॅम. झालं स्विंगवेट.
उरले ९ − ५.८५ = ३.१५ ग्रॅम. ते हँडलमध्ये जाणार.
टोकाच्या टेपने ५.८५ × ६७ = ३९२ दिले, हवे ४२१, उरले २९. आणि २९ ÷ ३.१५ = ९.२ सेमी. म्हणजे हँडलमधले ३.१५ ग्रॅम बटपासून ९.२ सेमीवर. अक्षापासून एक सेमीसुद्धा लांब नाही, स्विंगवेटवर परिणाम नाही, तिन्ही अटी एकदम पूर्ण.

खरं तर मला टोकाऐवजी दहा आणि दोनच्या जागा आवडल्या असत्या, कारण तिथे वजन बाजूलाही जातं आणि रॅकेट पिळायला कमी तयार होते. करून बघितलं. ती जागा ६० सेमीवर येते, एक ग्रॅम २.५ युनिट, म्हणजे ७.६ ग्रॅम लागतील. पण ७.६ × ६० = ४५६, जे ४२१ पेक्षा आधीच जास्त आहे. उरलेले १.४ ग्रॅम उणे २५ सेमीवर लावावे लागतील, म्हणजे बटच्या बाहेर हवेत. नाही जमत. आणि हे कागदावर दोन मिनिटांत कळलं, टेप लावून, खेळून, काढून कळायला दोन संध्याकाळ गेल्या असत्या. मला गणिताचं प्रेम आहे ते यासाठी.

ब ला नुसतं वजन चढवायचं होतं म्हणून हे शक्य झालं, हेही सांगितलं पाहिजे. उलट परिस्थिती असती, म्हणजे ब चं वजन आधीपासून टोकांना जास्त आणि अ चं मधे जास्त, तर ब ला काहीही चिकटवून ती अ सारखी झाली नसती, कारण टेप लावता येते, फ्रेममधलं वजन काढता येत नाही. मग आवडत्या अ लाच हात लावावा लागला असता. तुमच्याकडे दोन रॅकेट असतील तर कुठली कुठे न्यायची हे आधी तीनही आकडे बघून ठरवा, आवडत्या रॅकेटला शक्यतो धक्का नको.

टेप लावताना

बारीक, सहा मिमी रुंदीची टेप घेतली आणि आधी तिचे १० सेमी काट्यावर ठेवले, जवळपास १ ग्रॅम. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका, आपल्या टेपचं आपण मोजा. ५.८५ ग्रॅम म्हणजे ५८ सेमी. ही सलग एकच पट्टी लावली तर ती बारापासून सुरू होऊन दोन्ही बाजूंना पार खाली उतरते आणि वजन ६७ सेमीवर राहतच नाही. म्हणून सव्वासात सेमीचे आठ तुकडे केले, हूपच्या आत ग्रोमेटच्या एका बाजूला चार थर, दुसऱ्या बाजूला चार थर, बाराला मध्य धरून. प्रत्येक थर नखाने घासून बसवायचा, नाहीतर पहिल्याच मिसहिटला टोक सुटतं. वरून कापडी टेपचा एक पातळ थर, तोही वजनात धरलेला.

हँडलसाठी बेस ग्रिप सोडवली, बटपासून ९.२ सेमीवर पेनने खूण केली आणि तिथे त्याच टेपचे तीन वेढे घेतले, ३१-३२ सेमी, झाले ३.१५ ग्रॅम. ग्रिप परत गुंडाळल्यावर फुगवटा हाताला लागला नाही, पण ज्याला तिथे अगदी सपाट हवं त्याने वेढ्यांऐवजी हँडलच्या सपाट बाजूंवर लांबीच्या दिशेने, ९.२ ला मध्य धरून पट्ट्या लावाव्या.

शिसं विषारी आहे. टेप कापून झाली की हात साबणाने धुवा, तुकडे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, उघडी टेप झाकून टाका, आणि लावलेल्या टेपवर सँडपेपर अजिबात चालवू नका. ज्यांना शिसं नको त्यांना टंगस्टनची टेप मिळते, गणित तेच राहतं.

निकाल

वजन ३३०, बॅलन्स ३२.५, ५० झोके ६८.९७ सेकंद. स्विंगवेट ३२५.६. अ चं ३२६. मोजण्याच्या चुकीच्या आतच आहे हे.

परत तीच कागदी टेप, तोच पाठमोरा पार्टनर, दहा वेळा. या वेळी सहा बरोबर, चार चूक, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. सातव्या वेळेला तो थांबला, रॅकेट नुसती हवेत फिरवली, परत फिरवली आणि म्हणाला, "सांगता येत नाही रे, तू एकच तर देत नाहीयेस ना?" एवढ्या महिन्यांच्या कटकटीनंतर हे ऐकून मला किती बरं वाटलं ते लिहून कळणार नाही.

दोन आठवड्यांनी मॅचमध्ये सर्व्हिस गेमच्या मधेच अ ची स्ट्रिंग तुटली. त्याने ब काढली, सेकंड सर्व्ह टाकली, नेटवर आला आणि पहिलीच व्हॉली ब्लॉक करून कोपऱ्यात ठेवली.

एक बाजू मात्र सुटलेली नाही. ट्विस्टवेट. साइडलाइनकडून आलेल्या, हेडच्या कडेला लागलेल्या बॉलवर ब अजून अ पेक्षा जरा जास्त पिळते असं त्याचं म्हणणं आहे, आणि ते खरं असू शकतं, टेप सगळी टोकाला गेलीय, बाजूंना काही नाही. ते माझ्या स्पोकवर मोजायचं तर काटकोनातल्या झोक्याचा मोमेंट काढून त्यातून स्विंगवेट वजा करावं लागतं, म्हणजे ३४० मधून ३२६, उरतात १४, आणि दोन्ही आकड्यांत एक-दीड युनिटची चूक असताना त्या १४ वर कोणी विश्वास ठेवायचा? तीन आणि नऊवर एकेक ग्रॅम दिला तर पिळणं कमी होईल पण स्विंगवेट ३.४ ने वाढेल आणि बॅलन्स एक मिमी हेडकडे जाईल. त्याला तेवढं वजन चालतंय का ते आधी अ वरच, दोन तात्पुरते तुकडे लावून बघतोय. चाललं, तर ब वर अ पेक्षा किती जास्त लागेल ते ठरवू.